उजवं दार, डावं दार

हरिदासभाऊंनी खर्रा, म्हणजे तंबाखू, सुपारी नि चुन्याचा घोटा, सोडला त्याला वर्ष झालं होतं. निदान घरात तरी तसं सांगितलं जाई. गडचिरोलीला नर्स असलेल्या लेकीनं, हर्षानं, स्पष्ट बजावलं होतं, "बाबा, खर्रा दिसला तर मी तुमच्या गाडीत पाय ठेवणार नाई." पहारा मात्र आईचा. कांताबाई नवऱ्याचे खिसे रोज उलटे करून पाहत.

म्हणून भाऊ रोज सकाळी अंगणातल्या सागाखाली उभ्या असलेल्या जुन्या पांढऱ्या गाडीत "इंजीन गरम करायला" बसत, सीटखाली लपवलेला खर्रा तोंडात टाकत आणि खिडकीतून पिचकारी मारत. गाडी तीन वर्षांत कुणी धुतली नव्हती, धुळीत सगळं खपून जाई. दुपारी भाऊ घोरू लागले, की कांताबाई तांदळाचं सूप घेऊन त्याच गाडीत डाव्या बाजूला निवडत बसत. तिथं वारा लागतो म्हणे.

आणि हर्षाचा फोन आला. "बाबा, मामाच्या उर्वशीच्या लग्नाले राजुऱ्याले आपल्या गाडीनंच जाऊ. उद्या सकाळी येते."

लेकीला शेजारी बसवून लग्नाच्या मांडवापर्यंत गाडी न्यायची, ही भाऊंची कधीची हौस. ते बादली घेऊन धावले. धूळ गेली आणि उजव्या दारावर खिडकीपासून खालपर्यंत लाल ओघळ उघडे पडले. साबणाला ते दाद देईनात.

मग भाऊंनी चौकातून रंग उजळवायच्या मलमाची डबी आणली आणि मोबाइलवर व्हिडिओ लावला. त्यातला माणूस सांगत होता, हलक्या हातानं गोल गोल फिरवा. हलक्या हातानं? तीस वर्षं खर्रा घोटलेला हात तो. भाऊंनी अंगठा दाबून असं घोटलं, की ओघळ गेले आणि त्यांच्यासोबत रंगही गेला. दारावर तळहाताएवढं राखाडी अस्तर दिसू लागलं.

"काय करून राह्यले?" कांताबाईंनी ओसरीवरून विचारलं.

"चमकवून राह्यलो." भाऊ डागाला पाठ लावून उभे राहिले.

"तो मोबाइल ठेवा इथी. मलेबी पाहू द्या काय सांगते तो."

त्या आत गेल्या, तशी भाऊंनी सीटखालून चुन्याची पुडी काढली. पांढऱ्यावर पांढरं. बोटानं लिंपलं, वाळू दिलं, लांबून पाहिलं. कंपनीलाही इतकं जमलं नसतं. सकाळी मलमाची डबी रिकामी दिसली, तेव्हा आपण जरा जास्तच घोटलं, असं त्यांना वाटलं.

हर्षा पहिल्या बसनं आली. "वा बाबा, चकाचक," म्हणत तिनं उजव्या दारावर थाप मारली. तळवा पांढरा झाला. तिनं तो हुंगला.

"हे काय?"

"सागाचं पान घासलं गेलं होतं बेटा. लाल डाग पडते त्याचा."

"अन् साग चुनाबी लावते काय?"

भाऊंची मान खाली गेली.

"पाह्य तुह्या बापाले," कांताबाई डाव्या दाराला टेकून कडाडल्या. "वर्षभर फसवून राह्यला हा माणूस."

"आई, सरक. बॅग ठेवू दे."

कांताबाई सरकल्या. लग्नाला जायला नेसलेल्या त्यांच्या हिरव्या लुगड्यावर, पाठीमागं, तळहाताएवढा पांढरा ठसा उमटला होता.

हर्षानं डाव्या दारावर बोट फिरवलं. "बाबा, ही बाजूबी तुम्हीच केली?"

भाऊ त्या बाजूला फिरकलेही नव्हते. त्यांनी बायकोकडे पाहिलं. कांताबाई सागाची पानं मोजत होत्या. डबी कशी संपली आणि सीटखालचा खर्रा रोज थोडा कमी का भरत होता, ते भाऊंना आत्ता कळलं.

"हो," ते म्हणाले, "मीच."

गाडी सागाखालीच राहिली. तिघं एसटीनं निघाले. आष्टी मागं पडली, हर्षा खिडकीशी डुलकी घेऊ लागली, तेव्हा भाऊंच्या मुठीत कुणीतरी बारकी पुडी सरकवली.

"अर्धाच घ्या," कांताबाई समोर पाहत पुटपुटल्या. "राजुऱ्यापर्यंत दोघाले पुरवाचा हाय."