सहात एक

हर्षदाने लॅपटॉप आईवडिलांकडे वळवला आणि म्हणाली, "सहात एक."

"सहामा एक म्हनजे? कमी शे का जास्त?" मंगलाबाईंनी विचारलं.

हर्षदा इच्छापोरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासायची. तोंडाला येईल ते बोलणं तिच्या स्वभावातच नव्हतं. पुण्याच्या एका विज्ञान विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेचे चार वर्षांचे निकाल तिने जमवले होते, त्यांच्याशेजारी धाकट्या मयुरीच्या सराव परीक्षांचे मार्क मांडले होते आणि मगच तोंड उघडलं होतं. "मयुरीइतके मार्क पडणारी सहा मुलं बसली, तर त्यांतल्या साधारण एकाला प्रवेश मिळतो."

मयुरीचा चेहरा उतरला. तिला मधमाश्यांचा अभ्यास करायचा होता आणि त्यासाठी हेच एक विद्यापीठ तिने मनाशी धरलं होतं.

वडील, म्हणजे योगराज आप्पा, पडद्यावरचे आकडे न्याहाळत होते. कापडाचे ताके, म्हणजे तागे, तपासण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली होती. शंभर ताक्यांत किती खराब निघणार, हे ते गठ्ठा पाहूनच सांगत.

"मयुरीसंगे आपली गल्लीमाईन कोन बसस परीक्षाले?"

"कुणीच नाही, आप्पा."

"मंग तठेच चुकी राहिनी ना तू! एकला ताका कोनी बजारमा धाडस का? लॉट धाडतस. सहामा एक पास व्हस, अन् आपन एकलीलेच धाडी राहिनूत. बाकीना पाच कोठे शेत?"

हर्षदाला वाटलं, आप्पा गंमत करतायत.

आठवड्याभराने ती कामावरून परतली, तर दाराबाहेर चपलांचे पाच अनोळखी जोड. आत पाच मुलं दप्तरं मांडीवर घेऊन ओळीने बसलेली आणि मंगलाबाई त्यांना पोहे वाढतायत. हर्षदाने आप्पांना जिन्यात ओढलं.

"हे काय आहे?"

"लॉट."

"आप्पा, मी फासा टाकताना शेजारी पाच जण उभे केले, म्हणून माझं दान पडतं का?"

"कोनी बी उभं करं नही. निवडीसन आनेल शेत." आप्पांनी आवाज खाली आणला. "लिंबायतपासून नवागामपर्यंत बारावी सायन्सनी झाडून बठी पोरं पाह्यनू. एकेकना मार्क इचारात. त्यामाईन सगळ्यात कच्चा पाच उचलात. ह्या पाची पडतीन, म्हनजे पास व्हनारी उरनी कोन? मयुरी!"

हर्षदाला संख्याशास्त्राच्या पहिल्या धड्यापासून सुरुवात करावीशी वाटली. पण त्याआधी एक प्रश्न तातडीचा होता. "यांच्या घरी काय सांगितलंत?"

आप्पा जिन्याच्या कठड्याशी बोलले, "सांगं, आमनी हर्षदानी कॉम्प्युटरवर हिसाब करीसन तुमना पोऱ्या निवडा."

रविवारी चौकात बॅनर लागला. 'भावी शास्त्रज्ञ लखन यांची निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' लखन हा पाचांतला सर्वांत कच्चा. सहामाहीला भौतिकशास्त्रात त्याला अकरा मार्क होते. बॅनर त्याच्या वडिलांनी, रिक्षावाल्या भटूने लावला होता. खाली एकवीस शुभेच्छुक, आणि सगळ्यांत वर हर्षदाचा फोटो. चुलतबहिणीच्या हळदीतला. तोंड पिवळंधमक.

हर्षदा तडक भटूच्या घरी निघाली. आज खरं काय ते सांगून टाकायचं. दार लखननेच उघडलं.

"ताई, तुम्ही? बरं झालं आलात." तो अडखळला. "मला आजपर्यंत कुणी कशातच निवडलं नव्हतं. कबड्डीत पण नाही. तुमच्या आकड्यात मी कसा काय बसलो?"

हर्षदाने तोंडाशी आलेलं वाक्य बदललं. "उद्या सहाला ये," ती म्हणाली. "उशीर चालणार नाही."

हर्षदा दिवसभर कामावर, त्यामुळे शिकवायचं मयुरीवर आलं. लखनला एक खोड होती. तो दर ओळीला "का?" विचारायचा.

"सूत्रच आहे तसं!" मयुरी कावली.

"पण का आहे तसं?"

"तुला काय करायचंय? पाठ कर!"

"पाठच होत नाही ना. म्हणून तर विचारतोय."

मयुरीला उत्तर येत नव्हतं. ती रागारागाने पुस्तक उघडायची, शोधायची आणि दुसऱ्या दिवशी लखनच्या तोंडावर उत्तर फेकायची. तो नवा "का" घेऊन तयारच. दर रविवारी हर्षदा सहाही जणांची परीक्षा घ्यायची. महिन्याभरात मयुरीचा आकडा चारात एक झाला. बारावीचे पेपर संपेपर्यंत दोनात एक. हर्षदाने तो तीनदा तपासला. मग लखनचा आकडा काढला आणि तो पाच वेळा तपासला.

आप्पांचाही डोळा होताच. "हाऊ भटूना पोऱ्या वर का चढी राह्यना?" त्यांनी मंगलाबाईंना विचारलं.

"तुमीच आना ना त्याले!"

दुसऱ्या दिवसापासून आप्पा लखनवर फार माया करू लागले. "लखन बेटा, आज मॅच शे. जाय, खेळी ये."

"परीक्षेनंतर, आप्पा."

मग त्यांनी त्याला भाजीला पिटाळलं. मेथी आणली ती कागदी पिशवीतून, आणि पिशवीभर गणितं सोडवलेली. एकदा तर आप्पांनी त्याचं पुस्तकच गव्हाच्या डब्यात दडवलं. लखन म्हणाला, "राहू द्या आप्पा, तो धडा मला समजलाय."

निकाल जुलैत दुपारी लागला. सहा मुलं, त्यांचे आईबाप आणि निम्मी गल्ली एका मोबाइलवर वाकली होती. मयुरीने नंबर टाकला.

"झालं! आई, झालं माझं!"

मंगलाबाईंनी अशी आरोळी ठोकली की खालच्या कारखान्यातले दोन कारागीर माग बंद करून वर आले. मयुरी रडत होती, हसत होती, दिसेल त्याला मिठी मारत होती. आप्पांनी छाती फुगवून पेढ्यांचा खोका उघडला.

"माझा पण बघा ना," लखन म्हणाला.

लखनचं नाव मयुरीच्या अकरा जागा वर होतं.

उरलेल्या चौघांचं नाव यादीत नव्हतं. पण बारावीला चौघंही पास झाले होते आणि त्यांच्या घरी तेवढ्यावरही पेढे वाटून झाले होते.

"सहामा दोन?" आप्पा खोका हातात धरून उभेच. "हर्षदा, तुनं गनित चुकनं!"

"चुकलं, आप्पा," हर्षदा म्हणाली. हे वाक्य ती इतक्या आनंदाने आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होती.

तेवढ्यात भटू गर्दीतून वाट काढत आला. त्याच्या हातात झेंडूचा हार होता. तो त्याने लखनच्या नव्हे, आप्पांच्या गळ्यात घातला आणि त्यांचे दोन्ही हात धरले.

"आप्पा, मी बाप. माले समजनं नही, ते तुमले समजनं. इतला पोरंसमाईन मना लखनच कसा काय उचला तुमी?"

लखन आप्पांकडे पाहू लागला. आप्पांनी केविलवाण्या नजरेने हर्षदाकडे पाहिलं. दशांश चिन्हानंतरचा आकडाही चुकीचा न सोडणारी ती मुलगी! हर्षदाने थोडा विचार केला.

"भटूकाका," ती म्हणाली, "आप्पा आठवडाभर घरोघर हिंडले. एकेका मुलाचे मार्क विचारले. ही पाच मुलं त्यांनी फार पारखून निवडली होती. आणि त्यात पहिलं नाव लखनचं होतं."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. आप्पांनी हळूच मान ताठ केली आणि गळ्यातला हार सारखा केला.