हिरूआत्याची सही

माझी हिरूआत्या बिस्किटाचा पुडा फोडण्याआधी त्याच्यावर छापलेलं सगळं वाचून घेते. स्वतः वाचत नाही. समोर जो सापडेल त्याच्याकडून, मोठ्याने. मैदा किती, साखर किती, माल कुठे बनला, तक्रार कुठे करायची, सगळं. मी एकदा घाईत तक्रारीचा पत्ता गाळला, तर म्हणाली, "पत्ता र्‍हायला." पुडा तिच्याकडे आठवडाभर होता आणि माझ्याआधी गॅसवाल्याने तो वाचून दाखवला होता.

तिला वाचता येत नाही असं नाही. चौथीपर्यंत शिकलीय. पण तिचं म्हणणं, "कागद डोल्यांनी वाचला की खोटं बोलतो. कानानी आयकला की पकडता येतो."

हा नियम लग्नपत्रिकेला लागू आहे, लाइटबिलाला आहे, खोकल्याच्या औषधाच्या आतल्या बारीक अक्षरांच्या घडीलाही आहे. तिचं दुसरं वेड म्हणजे वजन. तरुणपणी कल्याणच्या बाजारात मासळी विकायची. त्यामुळे हातात काहीही आलं की तळव्यावर ठेवून जरा वर-खाली करते आणि निकाल देते. "हलकं हाय," किंवा "बरं हाय." डॉक्टरने दिलेली फाइलसुद्धा तिने अशीच तोलली होती.

ही बाई विठ्ठलवाडीला एका खोलीत एकटी राहते. नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली, मूलबाळ नाही. आणि ठाण्याच्या कोळीवाड्यातलं आमचं अर्धं घर तिचं आहे.

हे अर्धं घर माझ्या डोक्यात गेलंय, म्हणून आधी ते सांगतो. घर माझ्या आजोबांचं. त्यांना मुलं दोन, माझा बाप आणि ही आत्या. आजोबा मृत्युपत्र न करता गेले. मग बाप गेला, आई गेली, उरलो मी. छपरावर पत्रे मी घातले, खाडीकडची भिंत मी उचलली, घरपट्टी वर्षानुवर्षं मी भरली. खांद्यावर एक जुनं दार घेऊन धंदा सुरू केला आणि आज ठाण्यातच खोपटला माझं गोदाम आहे. पाडलेल्या बिल्डिंगींची दारं, खिडक्या, ग्रिल, सगळं घेतो-विकतो. असा मी घर पाडून नवीन बांधायला कर्ज काढायला गेलो, तर वकील म्हणाला, "अर्धा हिस्सा आत्याचा. मुलगा असो की मुलगी, वाटा सारखा. त्यांच्याकडून हक्कसोडपत्र करून घ्या."

हक्कसोडपत्र म्हणजे बहिणीने माहेरच्या मिळकतीवरचा हक्क भावाला किंवा भाच्याला सोडून दिल्याचा कागद. आमच्याकडे बायका तो हसत करून देतात, वर साडीसुद्धा मागत नाहीत. मला वाटलं, एका रविवारचं काम.

पहिल्या रविवारी गेलो. आत्याने कागद तळव्यावर तोलला.

"हलका हाय. वाच."

मी वाचायला लागलो. 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' यांची नावं, वयं, पत्ते. घराची चतुःसीमा. पूर्वेस अमुक, पश्चिमेस खाडी.

"थांब," आत्या म्हणाली. "पूर्वेला कोन?"

मी नाव वाचलं.

"त्याची आई वारली का रं?"

झालं. त्या आईच्या नथीपासून तिच्या सासूच्या भांडणापर्यंत सगळं ऐकलं, चहा झाला, दुपार गेली. पुढच्या रविवारी पुन्हा पहिल्यापासून, कारण "मधूनच आयकलं की झोल व्हतो." असं करत करत मी तीन महिन्यांत दुसऱ्या पानापर्यंत पोचलो. कागद चार पानांचा होता.

आणि दर वेळी काहीतरी काम. "वाचतोस पन घसा बसलाय तुझा, जा बोंबील घेऊन ये, कालवन करते." मिक्सरचं भांडं दुरुस्त करून आणलं. नारळी पुनवेला साडी घेतली. डोळ्याच्या ऑपरेशनला नेलं. मी कल्याण-डोंबिवलीतल्या बिल्डरांना घाम फोडलेला माणूस. सागवानी दार सहा हजारांचं सांगितलं तर मी अडीचवर आणतो आणि कडी-कोयंडा फुकट घेतो. या म्हातारीने मला दीड वर्ष फिरवलं आणि बदल्यात एक अक्षर दिलं नाही.

चिडून वकिलाकडे गेलो. तो खुर्चीत मागे रेलला. "एवढं कशाला धावताय? त्यांना मूलबाळ नाही. बापाकडून आलेली मिळकत अशा बाईच्या मागे परत बापाच्याच वारसांकडे येते. म्हणजे तुमच्याकडे. त्यांनी मृत्युपत्र केलं नाही तर प्रश्नच मिटला. वय काय त्यांचं? शहात्तर? थांबा फक्त."

मला काय झालं कुणास ठाऊक, मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, "मी सही मागायला आलोय, तिरडी नाही." त्याची फी निम्मी करूनच खाली उतरलो.

पुढच्या रविवारी आत्यानेच विषय काढला. "वकिलानं सांगलं नाय का तुना? मी मेल्यावर तुझंच हाय."

"सांगितलं."

"मंग?"

"मला घाई आहे."

"मना नाय," ती म्हणाली आणि लसूण सोलायला बसली.

तेव्हा माझा तोल गेला. कागद जमिनीवर आपटला. म्हटलं, "आत्या, तुला सही द्यायची नाही ना? नको देऊस. घर राहू दे तसंच, पडू दे खाडीत. मी परत येणार नाही." चप्पल घालून निघालो. तिने लसूण सोलायचं थांबवलं नाही.

दोन दिवसांनी फोन आला. "रिक्षा घेऊन ये. सही देते."

निबंधक कार्यालयात गर्दी होती, वकील आधीच येऊन थांबला होता. आत्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावून, मी घेतलेली नारळी पुनवेची साडी नेसून आली होती. मी सोबत बिस्किटाचा पुडा घेतला होता, तो तिने वाचून न घेताच पिशवीत टाकला. तिथेच मला जरा विचित्र वाटलं.

आमचा नंबर आला. काउंटरवरच्या मॅडम चांगल्या होत्या. म्हणाल्या, "आजी, शेवटचं कलम वाचून दाखवते, मग फोटो आणि अंगठा." आणि वाचू लागल्या, "सदर हक्क मी कोणताही मोबदला न घेता, स्वखुशीने..."

"थांब," आत्या म्हणाली.

चौथं पान. तिथपर्यंत मी कधी पोचलोच नव्हतो.

"मोबदला म्हंजे काय गं पोरी?"

"सही देताय त्याच्या बदल्यात काही घेतलंत का, असं."

"घेतलं ना."

माझ्या वकिलाला खोकल्याची उबळ आली. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "काय घेतलंत?"

"मिक्सरचं भांडं. बोंबील तीनदा, त्यातले एकदा वास मारत व्हते. ही साडी. रंग बग, लय वाईट हाय, पन घेतली ना?"

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मॅडम म्हणाल्या, "आजी, हे मोबदल्यात धरत नाहीत."

"का नाय? डोल्याच्या आपरेशनला नेलं, चार तास भायेर बसला. शीशीवरचं वाचलं, पुड्यावरचं वाचलं. मना फुकट कोन वाचून दावील?" ती बोटांवर मोजत होती. "आन् एक दिवस कागद न आनता आलेला. गोदामातलं लाकूड जलालं तवा. काय मागितलं नाय, काय बोलला नाय. भाकरी खाल्ली नि गेला. ते पन लिव."

मी ते विसरलो होतो. आग लागली तेव्हा बायकोला काय सांगायचं ते सुचेना, म्हणून कुठेतरी बसायचं होतं, एवढंच आठवत होतं. कुठे बसलो होतो ते आता कळलं.

वकील माझ्या कानाशी आला. "त्यांना गप्प करा. मोबदला लिहिला तर मुद्रांक शुल्क पूर्ण लागेल."

आत्या मॅडमना सांगत होती, "एवढं घेऊन काय नाय घेतलं असं खोटं कसं लिऊ?"

मी काउंटरवरून कागद उचलला. म्हटलं, "मॅडम, आमचं राहू दे. पुढचा नंबर घ्या." वकिलाला सांगितलं, शुल्क वाचवतोय. त्याला ते पटलं. मलाही तेव्हा पटलं होतं.

परतीच्या रिक्षात आत्याने पिशवीतून पुडा काढून माझ्या हातात दिला. पत्रीपुलाच्या अलीकडे ट्रॅफिक होतं, तेवढ्यात मैदा आणि साखर झाली.

आता घरावर आमची दोघांची नावं लागलीत, वारस म्हणून. अर्धं तिचं, अर्धं माझं. तक्रार माझी अजून आहे, पत्र्यांचे पैसे कुणी दिले नाहीत. बांधकामाचं कर्ज दोघांच्या नावावर मंजूर झालं आणि बँकेने दोघांच्या सह्यांसाठी कागदांचा गठ्ठा दिला. तो घेऊन मी रविवारी विठ्ठलवाडीला गेलो.

"किती पानं हायत?"

"बेचाळीस."

"एकाच बाजूनी?"

"दोन्ही बाजूंनी. बारीक अक्षर."

आत्याने गठ्ठा दोन्ही तळव्यांवर घेतला, डोळे मिटले, सावकाश वर-खाली केला. मग गॅसवर चहाचं पातेलं ठेवायला उठली.

"बरं हाय," ती म्हणाली. "वाच."