ब्रोन्यामावशीचे गुडघे

सामन्याला थोडा वेळ असताना प्रशिक्षक वेंदेलीनने खोलीत येऊन प्रत्येक खेळाडूच्या हातात एकेक बंद पाकीट ठेवलं. हॉकी संघटनेचा नवा हुकूम होता : सगळ्यांना एकच तालीम नको, जिची तिची गरज पाहून तिची तयारी करून घ्या.

"हा जिचा तिचा आराखडा. दुसरीला दाखवायचा नाही, चर्चा नको. लिहिलंय तसं खेळायचं," तो म्हणाला.

ताट्रा डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेल्या त्या गावच्या महिला आइस हॉकी संघाचा गोल ब्रोन्यामावशी वीसेक वर्षं राखत होती. एरवी ती शाळेच्या स्वयंपाकघरात असे. वेंदेलीनही तिच्याच हातचं कोबीचं सूप पिऊन मोठा झालेला. तिने कोपऱ्यात जाऊन पाकीट फोडलं.

'वेग हीच तुमची खरी ताकद. चकती मिळाली की मागे वळून बघू नका. थेट समोरच्या गोलवर मुसंडी मारा.'

मावशीने ते दोनदा वाचलं. इतकी वर्षं चिलखत चढवून एका जागी उभी होती. शेवटी कुणाला तरी तिचा वेग दिसला म्हणायचा. समोर बसलेली तिमेआ, संघातली सगळ्यात चपळ पोरगी, आपला कागद वाचून लालबुंद झाली होती.

सामना सुरू झाला. पहिलीच चकती मावशीच्या पायाशी आली आणि मावशी निघाली.

"मावशी, कुठे?" कर्णधार इवेता ओरडली.

"पुढे. आराखडा आहे."

गोलरक्षकाने मधली लाल रेघ ओलांडून खेळायचं नसतं. पंचांनी शिट्टी फुंकली, शिक्षा म्हणून संघातली एक खेळाडू दोन मिनिटं बाहेर बसवली. त्यात एक गोल बसला. मग वेंदेलीनने तिमेआला विश्रांतीसाठी बाहेर बोलावलं. तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि खेळत राहिली. बदली खेळाडू तोवर बर्फावर उतरलीही होती. एक खेळाडू जास्त, पुन्हा शिक्षा, पुन्हा गोल. आणखी एक बसून मध्यंतरापर्यंत तीन झाले.

"तुम्हाला झालंय तरी काय?" खोलीत आल्या आल्या वेंदेलीनने विचारलं.

तिमेआने कागद त्याच्यासमोर धरला. "एकोणिसाव्या वर्षी माझे गुडघे गेले? 'आजवरच्या सेवेबद्दल आभार, मोसम संपताच सन्मानाने निवृत्त व्हावं.' नाही होणार. काय करायचं ते करा."

वेंदेलीनने कागद पाहिला आणि मटकन बाकावर बसला. संगणकावर त्याने नावं वर्णानुक्रमे लावली होती. नावं सरकली, आराखडे जागच्या जागीच राहिले. त्याने हे पुटपुटत सांगितलं तशी खोलीत हशा पिकला. मग तो कागद खरा कुणाचा ते एकेकीच्या लक्षात आलं आणि सगळ्या मावशीच्या पायांकडे न बघण्याची पराकाष्ठा करू लागल्या.

मावशीने मुखवटा काढला. "म्हणजे वेग तिमेआचा."

"हो, मावशी."

"आणि गुडघे?"

वेंदेलीन स्वतःच्या बुटांच्या नाड्या बघत बसला. "मी तुम्हाला निवांत सांगणार होतो."

"निवांतच बसलोय की. दुसरी गोलरक्षक आहे तुझ्याकडे?"

"अजून नाही. शोधू म्हटलं."

"मग तोही आराखडा चुकलाय. पुन्हा बघ."

"मावशी, तो मी नीट विचार करून—"

"पुन्हा बघ म्हणते ना. आम्ही थांबतो."

तिमेआ उठून मावशीला खेटून बसली. मग इवेता. बाहेर भोंगा वाजला. कुणी हललं नाही. पंचांनी दार ढकलून आत डोकावलं. "उतरताय ना? का सामना सोडताय?"

वेंदेलीनने बाकावरची रांग पाहिली. कागदाची घडी घातली, मग आणखी एक.

"चुकलाय," तो म्हणाला.

"कुणाचा होता मग?"

"कुणाचाच नाही."

"हां," म्हणत मावशीने मुखवटा चढवला आणि बाकाला रेटा देऊन उठली. दोन्ही गुडघे कडाकडा वाजले. खोलीत कुणालाच ऐकू आलं नाही.