मालनबाईंच्या नावावरच्या चवऱ्या

खडकेवळणात चवरी कोंबडीच्या पिलाला तुरा येतो, तो मालकाच्या डोक्यावरचे केस जाऊन येतो. ज्याच्या नावावर नोंदणी, त्याचे केस. एका तुऱ्याला साधारण एक मूठ लागते. यात गावात कुणाला काही विशेष वाटत नाही. गाईला वैरण लागते, चवरीला केस लागतात, आणि नोंदणी कार्यालयाच्या अर्जात त्यासाठी वेगळा रकाना आहे.

भाऊसो इंगवल्यांकडची चार पाखरं ही या जातीची शेवटची चार पाखरं होती. एक कोंबडा, तीन कोंबड्या. चौघांच्याही डोक्यावर भाऊसोंचे केस होते, कुरळे, निम्मे पिकलेले, डोळ्यांवर लोंबणारे. खुद्द भाऊसोंच्या डोक्यावर औषधालाही केस उरला नव्हता. त्याचं त्यांना वाईट वाटत नसे. तीस वर्षं पाटकरी म्हणून शेतांना पाणी सोडत कालव्याच्या कडेनं सायकल हाणलेला माणूस, निवृत्त झाल्यावर एका जागी बसवेना, म्हणून त्यांनी चवऱ्या धरल्या. चवरीचं काम कधी संपत नाही. तुऱ्यामुळे तिला वरचं दिसत नाही, अंगावर पान पडलं तरी ती दचकून भिंतीवर आदळते. पाणी पिताना तुरा भिजतो, मग तो फडक्यानं टिपायचा, वाळला की रबर लावून वर बांधायचा. भाऊसोंसारख्या चुळबुळ्या माणसाला हे चांगलं मानवलं होतं.

चवरी अंडी देते, पण उबवायला बसत नाही. त्यासाठी खुडूक झालेली गावठी कोंबडी लागते. एका शुक्रवारी शेजारच्या अण्णा तोडकरांची गावठी खुडूक झाली. भाऊसोंनी ती उसनी आणली, पाटीत भुसा पसरला आणि तिला नऊ अंड्यांच्या रवणावर बसवलं. लगोलग सायकल काढून ते कार्यालयात गेले आणि अर्ज भरून आले. मालकाच्या नावापुढे त्यांनी लिहिलं, सौ. मालन भाऊसो इंगवले.

यात त्यांचा काही डाव नव्हता. खडकेवळणात कुठलाही अर्ज बायकोच्या नावानं भरायची पद्धत आहे. बायकांची खिडकी वेगळी, तिथले कागद लवकर पुढे सरकतात. इंगवल्यांचं घर, प्लॉट, गॅस, स्कूटर, सगळं मालनबाईंच्याच नावावर होतं, आणि त्यांची सहीसुद्धा भाऊसोच ठोकून देत. या वेळीही हात सवयीनं चालला, इतकंच.

सातव्या दिवशी त्यांनी दार लावून घेतलं आणि एकेक अंडं बॅटरीसमोर धरलं. नऊच्या नऊ अंड्यांत लाल शिरा दिसत होत्या. त्या दिवशी ते घरात शीळ वाजवत फिरले. दहाव्या दिवशी सकाळी मालनबाईंनी त्यांना हाक मारली.

"अहो, जरा इकडं या बघू."

त्यांच्या फणीत केसांचा पुंजका अडकला होता. जमिनीवर आणखी दोन पडले होते. चौपन्नाव्या वर्षीही मालनबाईंचे केस कमरेखाली जात, कानशिलांशी तेवढी मेंदी लावावी लागे.

"आजारी म्हनावं तर कुटं काय दुखत न्हाई," त्या म्हणाल्या.

भाऊसोंनी बोटांवर दिवस मोजले आणि कपाळाला हात लावला. अंड्यातलं पिलू तुरा धरायला लागतं ते दहाव्या दिवशी.

"अर्ज कुनाच्या नावानं भरलाय?" मालनबाईंनी विचारलं.

भाऊसो तसेच उठले. त्यांनी चपला घातल्या आणि सायकल बाहेर काढली.

कार्यालयात कुरणे मॅडम होत्या. त्यांनी रजिस्टर उघडलं, चष्मा लावला आणि नोंद वाचली.

"नोंद बरोबर आहे. तक्रार काय आहे?"

"केस तिचे चाललेत. माझे जायला पाहिजेत."

मॅडमनी त्यांच्या डोक्याकडे पाहिलं. त्यात कुचेष्टा नव्हती, पाहणी होती. "नाव बदलता येतं. पण ज्याच्या डोक्यावर शिल्लक नाही, त्याच्या नावावर करता येत नाही. दुसरा कोणी तयार असेल तर अठराव्या दिवसापर्यंत आणा."

"आणि न्हाई मिळाला तर?"

"तर रवण रद्द करायचं. अंडी कोंबडीखालून काढून इथं जमा करायची. तुमच्या कोंबड्याचं वय झालंय, पुढच्या खेपेला अंडी फळणार नाहीत. मग आम्ही चवरीचं पान बंद करू." त्यांनी दोन कागद पुढे सरकवले, एक नाव बदलायचा, एक रद्द करायचा. "दोन्हीवर सही मालकिणीची पाहिजे. त्यांची स्वतःची."

भाऊसो तिथून जे सुटले ते केस द्यायला कुणी तयार होतं का बघत गावभर फिरले. तोडकरांकडे गेले तेव्हा अण्णा आपले दाट केस उघडे टाकून ओट्यावर बसले होते. भाऊसोंना फाटकात पाहताच त्यांनी खुंटीवरची टोपी काढून कानापर्यंत खाली ओढली आणि मग या म्हणाले. पिठाच्या गिरणीतही तेच. ज्यांच्या डोक्यावर चार केस होते ते विषय बदलत आणि ज्यांच्या नव्हते ते मनापासून हळहळत. संध्याकाळी भाऊसो घरी आले आणि कागद शर्टाच्या खिशात तसेच राहिले.

खरं तर रद्द करायचा कागद त्यांनी त्याच दिवशी बायकोपुढे ठेवायला हवा होता. त्यांनी ठेवला नाही. बाराव्या दिवशी ठेवीन असं मनाशी म्हणाले, मग चौदाव्या. रोज सकाळी फणी वाजली की ते परसात पळत. तिथं गावठीच्या पोटाखाली हात घालून ऊब पाहत, आणि ऊब चांगली आहे म्हणून त्यांना बरं वाटे, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःची लाज वाटे. अंगण ते खुराडं, खुराडं ते अंगण, अशा त्यांच्या येरझाऱ्या चालत. ताटावरूनही ते दोनदा उठत. ती गावठी बिचारी एका जागी बसून होती, तिच्या वाटणीची फिरफिर भाऊसो करत होते.

 मालनबाईंची आधी वेणी बारीक झाली, मग अंबाडा लिंबाएवढा झाला, मग त्या पदर डोक्यावरून घेऊ लागल्या. सोळाव्या दिवशी त्यांनी धुवायला शर्ट घेतला आणि खिशातले कागद काढून बाहेर आल्या. भाऊसो अंगणात फेऱ्या घालत होते.

"बसा," मालनबाई म्हणाल्या.

भाऊसो पायरीवर टेकले. एक पाय हलतच होता.

"ह्ये कागद कवाचं?"

"दहाव्या दिवसाचं."

"मग दिलं का न्हाईत?"

"कुठला द्यावा ते कळंना," भाऊसो म्हणाले. "जात बुडली तर मला सोसायचं न्हाई. आणि तुझं ह्ये असं बघूनही सोसंना. मी चुकलो, मालन."

मालनबाईंनी कागद मांडीवर ठेवले आणि हातानं सपाट केले. "माज्या नावावर काय काय केलंय तुमी, सांगा बघू."

भाऊसो आठवून आठवून सांगू लागले. घर. स्टेशनजवळचा प्लॉट. गॅस. स्कूटर.

"स्कूटर मला चालवाय येती?"

"न्हाई."

"प्लॉट मी कवा बघितलाय?"

 तो लांब होता, ऊन फार असायचं, न्यायचं राहूनच गेलं होतं.

"आनि घरच्या कागदावर माजी सही कुनी केली?"

"मीच."

"तीस वरसं नुसतं नाव माजं," मालनबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "आई तासतास बसून माजं केस इंचरायची. ती गेल्यावर तेवडंच ऱ्हायलं हुतं तिचं. त्ये चाललं म्हनून मी चार दिवस न्हानीत रडले. तुमी कोंबडीच्या पोटाखाली हात घालून बसला हुता." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "पर आता माजं जाऊन जे यायचंय, ते तर खरंच माजं हाय का न्हाई? मी कशावरच सही करत न्हाई."

"अजून चार मुठी जातील."

"जाऊंद्यात. आनि उद्यापासनं खुराड्यात मला इचारल्याबिगर पाय टाकायचा न्हाई."

भाऊसोंना वाटलं, रागाच्या भरात बोलली. पण दुसऱ्या दिवशी खुराड्याला कुलूप होतं आणि किल्ली मालनबाईंच्या कमरेला. अठरावा दिवस आला आणि गेला. मालनबाई चौरंग टाकून पाटीजवळ बसू लागल्या. तिथंच भाजी निवडत, तिथंच चहा घेत. भाऊसो जाळीच्या बाहेरून किती वाजले ते सांगत, कुणी विचारलेलं नसताना.

एकविसाव्या दिवशी दुपारपर्यंत सात अंडी फुटली. दोन फुटली नाहीत. पिलं वाळून मोकळी झाली तसे तुरे उभे राहिले. काळेभोर, सरळ, रेशमासारखे मऊ, आणि दोन पिलांच्या कानशिलांशी मेंदीचा तांबूस रंग. भाऊसो जाळीला नाक लावून पाहत राहिले. इतकी वर्षं हे केस त्यांच्या घरात वावरत होते आणि त्यांनी ते कधी असे डोळे भरून पाहिले नव्हते. त्यांना रडू आलं. मालनबाईंनी पाहिलं, पण त्यांचे दोन्ही हात पिलांनी भरलेले होते. पदर खांद्यावर होता आणि डोक्यावर दोन मुठींएवढे विरळ केस. त्यांनी पदर वर घेतला नाही.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी कुरणे मॅडम पाहणीला आल्या. त्यांनी सातही तुरे मोजपट्टीनं मोजले, रंगाच्या रकान्यात काळा आणि काळा-मेंदी असं लिहिलं आणि रजिस्टर पुढे केलं. भाऊसोंनी खिशातलं पेन काढलं आणि हात लांब केला.

"मालकिणींची," मॅडम म्हणाल्या.

मालनबाईंनी पेन घेतलं. पूर्ण नाव लिहायला त्यांना बराच वेळ लागला. मधे एकदा थांबून त्यांनी लिहिलेलं वाचलं आणि पुढे लिहिलं. कुणी घाई केली नाही.

"आता शेवटचा रकाना," मॅडम म्हणाल्या. "मालकिणीखेरीज खुराड्यात कुणाला सोडायचं?"

भाऊसोंचा हलणारा पाय थांबला. मालनबाई पिलांकडे पाहत होत्या. एका पिलाचा तुरा पाण्याच्या ताटलीत भिजला होता, ते डोकं झटकत होतं आणि दुसरं घाबरून पाटीवर आदळत होतं.  मग त्यांनी कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि दार धरून उभ्या राहिल्या.

"ह्येंचं नाव लिवा," त्या म्हणाल्या. "निसतं नाव नगं. काम बी लिवा."

मॅडमनी लिहिलं, भाऊसो इंगवले, तुरे पुसणे. भाऊसोंनी चपला बाहेर काढल्या, फडकं उचललं आणि वाकून आत गेले.