रोल नंबर एक

माझं घोरणं लाईव्ह वर्गात ऐकू गेलं. किती जणांना, ते मोबाईलच्या कोपऱ्यात दिसतच होतं: दोनशे चौदा. मी दचकून जागी झाले तेव्हा प्रकाश बोलायचा थांबला होता, आणि त्याच्या हातातल्या दोऱ्याला बांधलेलं माझ्या दाराचं कुलूप अजून डोलत होतं.

प्रकाश माझा शेजारी. अंबरनाथ पश्चिमेला आमची दारं समोरासमोर. उल्हासनगरच्या एका कॉलेजात जन्मभर फिजिक्स शिकवून रिटायर झाला, आता घरातून मोबाईलवर शिकवतो. बारा आठवड्यांचा फुकट वर्ग, देशातलं कुठलंही पोर नाव घालू शकतं. धड्यांचे व्हिडिओ आधीच काढलेले, पण शंका विचारायला रविवारी चार वाजता लाईव्ह. यात चौथी पास बाईचं काय काम? मी उशीच्या जागी होते.

झालं असं की व्हिडिओ काढताना प्रकाशला मोबाईलशी बोलता येईना. "मावशी, हा मान हलवत नाही हो." म्हणून त्याने खुर्चीत उशी बसवली आणि तिला शिकवायला लागला. उशीचाही चेहरा बदलेना. मग माझी नेमणूक झाली. मागचा कॅमेरा चांगला म्हणून तो त्याच्याकडे, पडदा माझ्याकडे, आणि मोबाईलमागे मी. काही न कळणं हीच माझी लायकी. माझ्या कपाळाला आठी पडली की गडी खुलायचा. "नाही कळलं? छान. आता मजा आहे."

सुरू करण्याआधी हजेरी. समोर एकटी मी.

"रोल नंबर एक?"

"हजर, सर."

एरवी मी त्याला अरे-तुरे करते. पण त्या खुर्चीत बसलं की तोंडातून सर निघायचं, तेही बहात्तराव्या वर्षी.

तर ते घोरणं. दोरा तेवढाच ठेवून हलकं बांधा की जड, झोक्याला वेळ सारखाच लागतो, असं काहीतरी तो दाखवत होता. झोका बघता बघता माझा डोळा लागला. वर्ग संपल्यावर म्हटलं, "पोरं हसली असतील. तुझी उशीच बरी होती."

"उशी घोरली नसती," तो म्हणाला. "मग मी कंटाळवाणं शिकवलं, हे मला कोण सांगणार?"

पुढच्या रविवारी तेच पुन्हा शिकवलं, कुलपाच्या जोडीला माझ्या खलातला बत्ता बांधून. त्या दिवशी मी दार उघडं टाकून आणि चटणी वाटायची ठेवून जागी राहिले.

पण पोरं गळायला लागली. दर वेळी विचारायचा, "मावशी, किती?" मी आकडा वाचायची. अठ्ठ्याण्णव. चाळीस. अकरा.

"असंच असतं. नावं सगळे घालतात. शेवटच्या तासाला एक जरी उरलं तरी वर्ग झाला म्हणायचं. कोणीच नसलं तर मात्र हे सगळं आवरून माळ्यावर टाकायचं."

मनात म्हटलं, बरं होईल, रविवारची झोप तरी मिळेल.

शेवटच्या रविवारी चहा निवतो कसा, ते होतं. चहा माझ्या घरचा. चार वाजले.

"मावशी, किती?"

मी पाहिलं. पदराने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. शून्य.

"एक," मी म्हटलं.

"कोण आहे?"

"मला काय माहीत? तू शिकव."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग वही उघडली, चष्मा नाकावर सारखा केला.

"रोल नंबर एक?"

"हजर, सर."

तासभर शिकवलं त्याने, फळा दोनदा पुसून. गरम चहा आधी भरभर निवतो आणि मग सावकाश, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं. शेवटी तो पार गार झालेला चहा त्याने उभ्यानेच पिऊन टाकला. माळ्यावर काही टाकलं नाही.

बारा आठवडे सगळे लाईव्ह तास बसून काढणारी विद्यार्थिनी एकच. विमल भोईर, चौथी पास.