टाकीच्या अलीकडचा परब

परब आमच्या सोसायटीतल्या पाण्याच्या टाकीपुढे जात नाही. टाकी म्हणजे जमिनीतली. वर सिमेंटचा ओटा आणि लोखंडी झाकण. जिन्यापासून झाकणापर्यंत तो राजा. तिथे चालेल, भांडेल, पोरांना बॉल कसा टाकायचा ते शिकवेल. पण झाकणाच्या पलीकडे पाऊल म्हणून टाकणार नाही. गेट तिथून हाकेवर आहे. गेटाबाहेर चहा आहे, मुलुंड स्टेशनची रिक्षा आहे, सगळं जग तिकडे आहे. परब झाकणापाशी पोचला की भिंत लागल्यासारखा थांबतो आणि वळतो.

गणपती विसर्जनाला हा सगळ्यांत पुढे नाचत होता. अंगात बनियन, डोक्याला रुमाल, एकदम झकास. टाकीपाशी आला आणि जागच्या जागी नाचायला लागला. मिरवणूक त्याला दोन्ही बाजूंनी वळसा घालून गेटाबाहेर गेली. ताशा लांब गेला तरी हा एकटा टाकीजवळ नाचतोय. मग मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, "चला, हेडऑफिस," म्हणाला आणि जिना चढून घरी गेला.

भाजी घेतानाही तेच. भाजीवाली गेटात, हा टाकीपाशी, आणि घासाघीस ओरडून. "ती मेथी जरा उलटी करून दाखव गं." गेटातली सगळी माणसं वाकून मेथीकडे बघायला लागतात. शेवटी ती बाई कंटाळून टोपली घेऊन आत येते. औषधं, किराणा, सगळं टाकीवर पोच.

सोसायटीत यावर बरंच डोकं चाललं. कोणी म्हणालं, गावच्या देवाचा कौल असेल, कोकणातली माणसं ऐकतात त्याचं. कोणी म्हणालं, बाहेर कोणाशी तरी मारामारी झालीय. मी म्हणालो, माणूस घमेंडखोर आहे. मी म्हणालो म्हणजे तो विषय संपला.

कारण माझा स्वतःचा अनुभव होता. मी चौथीपर्यंत शिकलो. पाचवीत जायचं होतं, पण मास्तरांनी मला न विचारता नापास केलं, तेव्हा मीच शाळा बंद केली. पुढे साकीनाक्याच्या वर्कशॉपात लेथवर उभा राहिलो तो म्हातारा होऊनच उतरलो. सोसायटीत मला मिस्त्री म्हणतात. नळ, कुलूप, पंखा, मिक्सर, जे बिघडेल ते माझ्याकडे येतं. दुरुस्त झालं तर माझं नाव, नाही झालं तर कंपनीचा माल खराब.

तर शेठने परदेशातून आणलेलं लेथ बंद पडलं आणि ते मी जुन्या चपलेच्या तुकड्यावर कसं चालू केलं, ही माझी एक गोष्ट आहे. ती ऐकायला लोक थांबतात. निदान गेटाजवळच्या बाकावरचे तरी थांबतात. परबाला मी ती टाकीच्या ओट्यावर बसून कितीदा सुरू केली असेल. दरवेळी गोष्ट चपलेपर्यंत आली की हा दचकून घड्याळ बघणार, "हेडऑफिसचं बोलावणं, मिस्त्री, गंमत नाय सांगत," म्हणणार आणि पळणार. समोर माणूस बोलत असताना घड्याळ बघायचं, याला आमच्याकडे दुसरा शब्द आहे. तो इथे लिहीत नाही.

परब मूळचा आमच्याकडचा नव्हे. त्याची मुलुंडमधलीच बिल्डिंग पाडून नवी बांधतायत, म्हणून आमच्या पहिल्या मजल्यावर भाड्याने आला. सोबत थोरली बहीण. ती खाली कधी उतरली नाही. आजारी असते एवढंच आम्हाला माहीत. लग्न का केलं नाहीस, विचारलं तर म्हणायचा, "हेडऑफिसने मंजुरी दिली नाय."

दसऱ्याला हा सगळा उलगडा झाला.

दसऱ्याला हत्यारांची पूजा. मी माझा माप घ्यायचा व्हर्नियर अजून पूजतो. फूल वाहून खाली आलो तर परब टाकीभोवती फेऱ्या मारत होता. एका हातात फोन, दुसऱ्या मनगटावर ते काळं चौकोनी घड्याळ.

"मिस्त्री, वाट लागली."

"काय केलंस?"

"पूजा केली."

"कोणाची?"

त्याने मनगट पुढे केलं. घड्याळाच्या कडेला कुंकू भरलं होतं, पट्ट्यात झेंडूची पाकळी अडकली होती.

"हे काय हत्यार आहे रे?"

"माझं तेवढंच आहे."

झालं असं, की याने पाटावर घड्याळ ठेवून त्याला हळद-कुंकू लावलं. चांगलं बोटभर. मग ते ओल्या फडक्याने पुसायला गेला. ही नवी घड्याळं काच चोळली की ऐकतात. हा पुसतोय आणि आत एकामागून एक काहीतरी उघडतंय. शेवटी घड्याळाने इंग्रजीत काहीतरी विचारलं, फडक्याने हो म्हटलं, आणि घड्याळ काळं पडलं. परत पेटलं तेव्हा परबालाच विचारायला लागलं, तुमची भाषा कोणती.

दुसऱ्या मजल्यावरच्या कांबळे बाई गॅलरीत तोरण बांधत होत्या. त्या बँकेत आहेत. वरूनच म्हणाल्या, "फॅक्टरी रिसेट झालंय ते, काका. फोनला परत जोडावं लागेल."

फॅक्टरी म्हटल्यावर विषय माझा झाला. परब स्टेशनजवळच्या मोबाइलवाल्याचं नाव काढत होता, अर्थात त्याला टाकीपर्यंत कोण बोलावून आणणार हा प्रश्नच होता. मी म्हटलं, "गप बैस. मी आहे ना."

पहिली अडचण अशी आली की घड्याळ माझं बोट मानेना. आयुष्यभर लोखंड घासून माझी बोटं निबर झालीत; मी दाबतो, काच ढिम्म. परबाचं बोट लागलं की लगेच हलते. म्हणजे डोकं माझं आणि बोट परबाचं, असं काम सुरू झालं. फोनवर शोधायला लावलं तर नावांची रांगच लागली. मी म्हटलं, वरचं दाब. त्याने दाबलं.

गॅलरीतून कांबळे बाईंचा आवाज आला. "मिस्त्री काका, माझ्या टीव्हीत कोण घुसतंय? विचारतोय तो, येऊ देऊ का म्हणून."

"नको, नको म्हणा त्याला."

मग घड्याळ सापडलं. परबाने दाबलं, गोल गोल फिरलं, आणि फोन म्हणाला, जोडता येत नाही. परत दाबलं, परत तेच. फोन बंद करून चालू केला. घड्याळ बंद करून चालू केलं. मी ते शर्टाला घासलं. काही नाही.

आणि या सगळ्यात परब एका जागी बसेल तर शपथ. घटकाभर झालं की उठायचा. "चष्मा राहिला वर." धावत वर, धावत खाली. "रुमाल राहिला." परत वर. तिसऱ्यांदा म्हणाला, "चावी राहिली." चावी त्याच्या हातात होती. चष्मा पहिल्यापासून नाकावर होता. छातीचा भाता झालेला, घामाने बनियन पाठीला चिकटलेलं, डोळे सारखे पहिल्या मजल्याच्या खिडकीकडे.

माझं डोकं फिरलं. "काम करायचं का नाय तुला? का हेडऑफिसची सभा चाललीय वर? बस की रे एका जागी."

तो बसला. ओट्यावर, हात मांड्यांमध्ये धरून. आणि हळूच बोलला.

"वर ताई एकटी आहे, मिस्त्री. तिची उजवी बाजू गेलीय. वाचाही गेली. तिचं काही असलं की ती फोनवर एक बटण दाबते, 'घड्याळ शोधा' म्हणून असतं, आणि इथे माझ्या मनगटाला थरथर होते. मग मी जातो. आता फोन माझ्याकडे आहे. चार्ज करून आणतो, असं सांगून आणलाय."

मी म्हटलं, "मग एवढं कशाला? दुसरा फोन घे. मिस कॉल देईल."

"दिले ना आधी. मी उचलायचो, सवयीने हॅलो हॅलो म्हणायचो. पलीकडून ती बोलायला बघायची. घशातून नुसता आवाज. मग रडायची. आयुष्यभर माझ्यावर ओरडली ती, मिस्त्री. तिचं तसं मला ऐकवेना." त्याने मनगट चोळलं. "ह्यात बोलायचं नसतं. तिने दाबायचं, मी जायचं."

टाकीचं मी विचारलंच नाही. त्यानेच सांगितलं. फोनचा आवाका तेवढाच. झाकणाच्या पुढे गेलं की तार तुटते. जुन्या बिल्डिंगीत एकदा हा बोलता बोलता कोपऱ्यापर्यंत गेला होता. परत आला तेव्हा ताई खाटेवरून खाली पडलेली, आणि डाव्या हातात फोन, अजून दाबतेय.

"आता मी फोन नेऊन दिला," परब म्हणाला, "आणि तिने दाबलं, आणि मला काय कळलंच नाय तर?"

मी उठलो. "चल वर."

"तिला कळेल बिघडलंय ते."

"चल म्हणतो ना."

खिडकीशी खुर्ची, खुर्चीत ताई. लहानशी, ताठ, केस घट्ट बांधलेले. अर्धा चेहरा झोपलेला आणि अर्धा इतका जागा, की मी चपला बाहेर जाऊन नीट ठेवून आलो. परब म्हणाला, "ताई, चार्जिंगला होता हा, अजून जरा वेळ..."

तिने डावा हात उचलला आणि शेजारच्या टेबलाकडे बोट केलं. टेबलावर फोनचा चार्जर होता.

परब लहान मुलासारखा खाली बघायला लागला. तिने मग त्याच्या मनगटाकडे बोट केलं, खिडकीकडे केलं, माझ्याकडे केलं. खिडकीतून टाकी सरळ दिसते. सकाळपासून आमचा सगळा तमाशा बाई बघत होत्या. जागा होता तो अर्धा चेहरा हसला.

हात पुढे आला. परबाने फोन दिला. मांडीवर ठेवून तिने अंगठ्याने सुरू केलं. सबंध दिवस त्या खुर्चीत तिला सोबत त्या फोनचीच. त्याच्या पोटातलं सगळं तिला ठाऊक. आत कुठेतरी ह्याच घड्याळाचं जुनं नाव अजून तसंच बसलं होतं. ते आधी काढून टाकलं, मग नव्याने शोधलं. म्हणजे जुना बोल्ट भोकात असताना आम्ही नवा घुसवत होतो. हे मी सांगणारच होतो. फोनवर एक आकडा आला, तोच घड्याळावर आला. परबाने घड्याळावर बरोबरची खूण दाबली. गोल फिरलं, आणि जोडलं गेलं.

परब दाराकडे निघाला होता, मी त्याला अडवलं. दुरुस्त केलेली वस्तू तपासल्याशिवाय मी देत नाही. घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं, त्याला ताईजवळ बसवलं आणि खाली उतरलो.

झाकणापाशी उभा राहिलो आणि वर बघितलं. ताईने अंगठा टेकवला. माझ्या मनगटाला थरथर झाली. मला वाटलं होतं मिक्सरसारखं काहीतरी असेल. तसं नव्हतं. गर्दीत कोणी ओळखीच्या माणसाने मागून बाही ओढावी, तसं होतं. मी नकळत एक पाऊल जिन्याकडे टाकलं सुद्धा.

मग म्हटलं, पुढेही बघू. झाकण ओलांडलं आणि चार पावलं गेटाकडे जाऊन उभा राहिलो. वर तिचा अंगठा दिसत होता. दाबत होती. परत दाबत होती. माझ्या मनगटावर काही नाही. तिच्यामागे परब खिडकीत उभा राहिला होता आणि हाताने मला मागे ये, मागे ये म्हणत होता.

मी मागे आलो. जरा वेळ गेला आणि बाही परत ओढली गेली. मी हात वर केला. तिने फोन मांडीवर ठेवला.

परब खाली आला, घड्याळ बांधलं, पाकळी काढून टाकली. मी विचारलं, "दिवसभर इतकं काय लागतं रे तिला? पाणी, औषध?"

"छ्या. माका पण आधी तसाच वाटायचा." घड्याळ परत मनगटावर आल्यापासून त्याची मालवणी मोकळी झाली होती. "दहा वेळा जातंय, नऊ वेळा काय नको असता. मी आसंय काय नाय, ता बघता. मी जातंय, दारात उभो ऱ्हवतंय. ती मान हलवता. मग मी परत येतंय."

"मग वर कशाला धावतोस? इथूनच हात कर. खिडकीतून दिसतोस की."

परबाने आधी खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. एवढं साधं त्याला सुचलं नव्हतं. शिकलेला आहे थोडा, दहावीपर्यंत, त्यामुळे असेल.

गेटाजवळचा बाक त्याच संध्याकाळी मी वॉचमनला हाताशी धरून टाकीच्या अलीकडे ओढून आणला. लोखंडी आहे, जड आहे. सेक्रेटरी विचारायला आले, कोणाच्या परवानगीने हलवला. मी सांगितलं, तिकडे ऊन लागतं. ते म्हणाले, तिकडे तर बदामाच्या झाडाची सावली आहे. मी म्हटलं, मला लागतं.

आता सगळे म्हातारे इथेच बसतात. टाकी भरली की पाणी बाहेर येतं, चपला भिजतात, कुरकुर होते, पण बाक परत न्यायची कोणाची हिंमत नाही. परब मधोमध बसतो. मी साकीनाक्याची गोष्ट सुरू करतो. चपलेपर्यंत येतो. परब दचकतो, घड्याळ न बघता खिडकीकडे बघतो आणि हात वर करतो. मीही करतो. बाकीचे का, कशाला न विचारता आपापले हात वर करतात. खिडकीतून एक डावा हात थोडा उचलला जातो.

मग परब माझ्याकडे वळून म्हणतो, "हां, बोल. चपलेचा तुकडा घेतलास. पुढे?"