लटारूजी आणि एरियलची तार

आमच्या शेजारच्या लटारूजींना रेडिओच्या एरियलसाठी एकही तार पसंत पडत नसे. जस्ताची आणली, "हे त बहिरी आहे." तांब्याची आणली, "लय बारीक. चिमणी बसली का तुटंल." एकदा तर नागरा गावच्या महादेवाच्या देवळाच्या कळसालाच तार बांधायला निघाले. पुजारी धावत आला, "देवाले कायले बांधता, लटारूजी?"

"तो उंच आहे. त्याले आयकू येत असंल, मले सांगत नाई."

त्यांची बायको, आमची काकी, ओलं लुगडं तारेवर वाळत टाकायची. हे ओरडायचे, "तुह्या लुगड्यानं सिंगापूर बंद पडते!"

सिंगापूर म्हटलं की आमचं हसू थांबे. ते जपान्यांच्या हाती पडलं तेव्हा त्यांचा एकुलता एक मारोती तिथल्या पलटणीत होता. सरकारनं 'बेपत्ता' एवढंच कळवलं. संध्याकाळी शॉर्टवेव्हवर जपान्यांच्या केंद्रावरून कैदेतल्या शिपायांची नावं वाचत. त्यातली निम्मी खरखरीत बुडत. युद्धाच्या बातम्या लागल्या की लटारूजी बैलांना पाणी पाजायला जात. नावं लागली की सेटला कान चिकटवून बसत.

मी आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी., आणि ते मी सांगतोच. नागपूरहून जाड तांब्याची लांब तार आणली. पूर्वेकडचं नीट ऐकू यावं म्हणून मोहाच्या झाडापासून घरापर्यंत उत्तर-दक्षिण, म्हणजे येणाऱ्या लाटांना आडवी, ताणली.

"कॉलेजात हेच शिकवतेत काय, झाडावर चढाले?" खालून लटारूजी. "पडू नोको बाबू, तुहा बाप मले मारंल."

त्या संध्याकाळी कुणी ओसरीत बसून वाचावं इतका स्वच्छ आवाज आला. पहिल्या नावापासून शेवटच्यापर्यंत एकही बुडालं नाही. मारोतीचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी नव्हतं, नंतरही नव्हतं. काकी यादी संपण्याआधीच उठून आत जाऊ लागली.

एका सकाळी पाहतो तर लटारूजी शिडीवर, हातात पकड. माझी तार मधोमध कापलेली.

"काऊन कापली, काका? इतकं साफ आयकू येऊन रायलं होतं!"

"म्हणूनच त." ते वरूनच बोलले. "साफ आयकू आलं का पोरगा त्यात नसते. खरखर होती तवा वाटे, असंल बा, त्या खरखरीत गेलं असंल त्याचं नाव."

शिडी हलत होती, ती धरून उभा राहिलो.

संध्याकाळी खरखर पुन्हा सुरू झाली. बऱ्याच दिवसांनी काकी त्यांच्याशेजारी बसली, आणि यादी संपेपर्यंत उठली नाही.